निश्छिद्र पडदा : हकीम इब्न अल-नफीस

शाळेत हृदयाची आकृती काढलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट आठवत असेल. उजवी बाजू निळ्या पेन्सिलीने रंगवायची, डावी तांबड्या. धमन्या तांबड्या आणि शिरा निळ्या, हा नियम पाठ होतो न होतो तोच त्याला अपवाद समोर येतो. हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांकडे जाणारी धमनी निळी रंगवावी लागते आणि फुप्फुसांकडून डाव्या बाजूला येणाऱ्या शिरा तांबड्या. परीक्षेत हमखास विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि त्यावर गुण गमावणारेही पुष्कळ असतात. या एका अपवादाने वैद्यकाच्या इतिहासातील अतिशय बुद्धिमान माणसांना शेकडो वर्षे चकवले होते. त्याचा उलगडा प्रथम ज्यांनी लिहून ठेवला, ते तेराव्या शतकातील दमास्कसचे हकीम अलाउद्दीन अली इब्न अबी अल-हज्म अल-कुरशी होत. इब्न अल-नफीस या नावाने जग त्यांना ओळखते.

त्यांचा जन्म १२१० ते १२१३ च्या सुमारास दमास्कस परिसरात झाला. नावातील अल-कुरशी हा शब्द त्यांच्या मूळ गावाचा दर्शक मानला जातो. आईवडिलांविषयी, बालपणाविषयी चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही. ते प्रथम स्पष्ट दिसतात ते दमास्कसच्या नूरी रुग्णालयात, वैद्यकाचे विद्यार्थी म्हणून. सुलतान नूरुद्दीन झंगी याने बाराव्या शतकात उभारलेले हे रुग्णालय एक विद्यापीठच होते. आजारी माणसांच्या खाटांभोवती फिरत शिकायचे आणि मग बसून गुरूसमोर ग्रंथ वाचायचा, अशी तेथील पद्धत होती. त्यांचे गुरू अल-दखवार हे त्या काळातील सर्वांत नामांकित वैद्यशिक्षक. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या इब्न अबी उसैबिआ यांनी पुढे वैद्यांच्या चरित्रांचा एक विख्यात कोश रचला. त्या कोशाच्या प्रचलित प्रतींमध्ये इब्न अल-नफीस यांचे चरित्र नाही. एकाच गुरूच्या शिष्यांमध्ये असे का घडावे, यावर अभ्यासकांनी बरेच तर्क केले आहेत. तर्कांपलीकडे हाती काही लागत नाही.

वयाच्या पंचविशीच्या आसपास ते कैरोला गेले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच घालवले. तो काळ स्वस्थतेचा नव्हता. १२५८ साली मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, ग्रंथालये नष्ट झाली, खिलाफत संपली. दोनच वर्षांनी दमास्कसही त्यांच्या हाती पडले. पण त्याच वर्षी इजिप्तच्या मामलुक सैन्याने पॅलेस्टाइनमध्ये ऐन जालूत येथे त्यांना रोखले. विद्वानांचा आणि ग्रंथांचा ओघ कैरोकडे वळला. इब्न अल-नफीस त्या शहरात रुग्ण तपासत, वैद्यक शिकवत आणि मसरूरिया मदरशात शाफिई पंथाचे धर्मशास्त्रही शिकवत. पुढे ते इजिप्तच्या वैद्यांचे प्रमुख झाले आणि सुलतान बैबर्स याचे वैद्य म्हणूनही त्यांचा उल्लेख येतो. कायदा, व्याकरण, तर्कशास्त्र, हदीस या सर्व विषयांवर त्यांनी लिहिले. निर्जन बेटावर एकटा वाढलेला मुलगा केवळ विचाराच्या बळावर सृष्टीचे आणि धर्माचे ज्ञान कसे मिळवतो, अशी एक तत्त्वचिंतनपर कथाही त्यांच्या नावावर आहे.

त्यांचे नाव ज्या पानांमुळे राहिले, ती मात्र त्यांनी फार तरुणपणी लिहिली. ती आहेत एका भाष्यातली.

त्या काळी वैद्यकाचा सर्वमान्य ग्रंथ म्हणजे इब्न सीना यांचा 'अल-कानून'. इब्न सीना १०३७ साली निवर्तले होते, आणि दोनशे वर्षांत त्यांचा ग्रंथ वैद्यांच्या जगात जवळजवळ वेदवाक्याच्या पदाला पोचला होता. त्याच्यामागे उभा होता दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलन. अशा ग्रंथावर भाष्य लिहायचे म्हणजे एकेक वाक्य घ्यायचे, त्याचा अर्थ उलगडायचा, कठीण शब्द सोपे करायचे. आपल्याकडील टीकाग्रंथांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. भाष्यकार हा मूळ ग्रंथाचा सेवक असतो, निदान तसे मानले जाते. इब्न अल-नफीस यांनी 'कानून'मधील शरीररचनेचे भाग वेगळे काढले आणि त्यांवर स्वतंत्र भाष्य लिहिले. या भाष्याची १२४२ सालची एक हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांच्या आगेमागे होते.

गॅलनचे म्हणणे असे होते. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि शिरांमधून शरीराला पोषण म्हणून पोचते. त्यातील काही हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते. डाव्या कप्प्यात फुप्फुसांकडून हवा येते, तेथे तिचा रक्ताशी संयोग होतो आणि प्राणतत्त्व निर्माण होऊन धमन्यांवाटे सर्वत्र जाते. प्रश्न इतकाच होता की, उजवीकडचे रक्त डावीकडे जाते कसे? दोन कप्प्यांच्या मधे जाड स्नायूचा पडदा आहे. गॅलनने उत्तर दिले की, त्या पडद्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त पाझरते. इब्न सीना यांनी त्याच विचाराच्या चौकटीत हृदयाला तीन कप्पे सांगितले. दोन मोठे आणि मधे एक खळगा. कोणाला छिद्र दिसले नाही तर दोष नजरेचा मानला जाई. सिद्धान्ताला छिद्राची गरज होती, म्हणून छिद्र होते.

इब्न अल-नफीस यांनी या ठिकाणी भाष्यकाराची पायरी ओलांडली. हृदयाला कप्पे दोनच आहेत, असे त्यांनी लिहिले. मधला पडदा घट्ट आहे. त्यात इब्न सीना यांच्या अनुयायांना वाटते तसे दिसणारे छिद्र नाही, आणि गॅलनला वाटते तसे न दिसणारेही नाही. मग रक्ताला वाट कोणती? उजव्या कप्प्यातून निघणाऱ्या वाहिनीने ते फुप्फुसांत जाते, तेथे पसरते, हवेशी मिसळते, त्याचा सूक्ष्म अंश गाळला जातो आणि दुसऱ्या वाहिनीने ते हृदयाच्या डाव्या कप्प्यात येते. आज ज्याला फुप्फुसाभिसरण म्हणतात, त्याचे हे सर्वांत जुने ज्ञात वर्णन आहे.

ही वाट त्यांना कशी सुचली हे पाहण्यासारखे आहे, कारण तेथे त्या तांबड्या-निळ्या पेन्सिलींचे कोडे पुन्हा भेटते. हृदयाच्या उजव्या बाजूने निघते म्हणून जुने वैद्य फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीला शिरा समजत. पण तिची भिंत धमनीसारखी जाड. म्हणून तिचे नाव पडले धमनीसारखी शिरा. डाव्या बाजूला येणारी वाहिनी पातळ भिंतीची. ती झाली शिरेसारखी धमनी. नावांतच गोंधळ उघड होता आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ही नावे घोकत होते. इब्न अल-नफीस यांनी विचारले की, निसर्गाने एकीला जाड आणि दुसरीला पातळ का केले असावे? पहिलीची भिंत जाड आहे, म्हणून तिच्यातून रक्ताचा अगदी सूक्ष्म भाग तेवढाच बाहेर पाझरू शकेल. दुसरी पातळ आहे, म्हणून तो भाग ती सहज आत घेईल. दोहोंच्या दरम्यान सूक्ष्म मार्ग असले पाहिजेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्या मार्गांना आज केशवाहिन्या म्हणतात. १६६१ साली इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात त्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, तेव्हा इब्न अल-नफीस यांना जाऊन पावणेचारशे वर्षे होत आली होती.

त्याच भाष्यात आणखी एक दुरुस्ती आहे. हृदयाच्या स्नायूला पोषण उजव्या कप्प्यात साठलेल्या रक्तातून मिळते, हे इब्न सीना यांचे मत त्यांनी नाकारले आणि हृदयाच्या भिंतीत पसरलेल्या वाहिन्यांतून ते मिळते असे लिहिले. हृदयविकाराच्या झटक्यात ज्या वाहिन्या बंद पडतात, त्या याच. आज घराघरात अँजिओग्राफीची चर्चा होते, पण या वाहिन्यांचे काम ओळखणाऱ्या या हकिमाचे नाव त्या चर्चेत येत नाही.

त्यांचे श्रेय सांगताना प्रमाण सोडणे मात्र योग्य नव्हे. त्यांनी संपूर्ण रक्ताभिसरण शोधले, असे उत्साहाच्या भरात पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे परतते, ही कल्पना त्यांच्या लेखनात नाही. रक्त यकृतात बनते आणि शरीरात खर्च होते, हे गॅलनचे मत त्यांनी राहू दिले. डाव्या कप्प्यात प्राणतत्त्व निर्माण होते, हेही त्यांना मान्य होते. जुन्या इमारतीतील एकच भिंत त्यांनी पाहिली आणि तिला छिद्र नाही असे सांगितले. त्या एका भिंतीवर सगळी इमारत उभी होती, हे कदाचित त्यांनाही पुरते जाणवले नसेल.

दुसरा वादाचा मुद्दा शवविच्छेदनाचा. धर्मशास्त्र आणि स्वतःची दयाबुद्धी यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असे त्यांनी भाष्याच्या आरंभीच नमूद केले आहे. मात्र पडद्याचा विषय येताच ते विच्छेदनाचाच दाखला देऊन गॅलनला खोटे ठरवतात. तो अनुभव कोणाचा? प्राण्यांच्या हृदयाचा, इतरांनी केलेला, की स्वतःचा पण न सांगण्याजोगा? अभ्यासकांत यावर एकमत नाही. धर्मशास्त्राच्या अध्यापकाची अडचण आणि वैद्याची जिज्ञासा एकाच माणसात होती, एवढे मात्र त्या पानांवरून स्वच्छ दिसते.

माणूस म्हणून ते कसे होते याच्या काही आठवणी नंतरच्या चरित्रकारांनी जपल्या आहेत. उंच, सडपातळ बांधा. लिहायला बसले की शिष्य बोरूंची टोके तासून ठेवीत. हकीम भिंतीकडे तोंड करून बसत आणि एकही ग्रंथ न उघडता केवळ स्मरणातून लिहीत सुटत. बोरू झिजला की तो टाकून दुसरा उचलायचा. तासण्यात वेळ घालवायचा नाही. एकदा म्हणे ते कैरोतील सार्वजनिक हमामात स्नान करीत असता मधेच बाहेर आले, कपडे बदलायच्या खोलीत दौत, बोरू आणि कागद मागवले, नाडीवरचा एक निबंध तेथेच लिहून पूर्ण केला आणि मग आत जाऊन राहिलेले स्नान उरकले. आहाराने भागत असेल तर औषध द्यायचे नाही, आणि साध्या औषधाने भागत असेल तर मिश्र औषध द्यायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. ज्याच्या दुकानी ते बसत तो औषधविक्रेता यामुळे वैतागला होता, असे सांगतात; धंदा त्याचा बुडत होता. त्यांच्या विद्वत्तेला तोड नव्हती, पण रुग्ण बरे करण्यात त्यांचा हात तितका चालत नसे, असाही शेरा जुन्या लेखकांनी मारला आहे. तो खोडून काढण्याचे कारण नाही.

त्यांचा सर्वांत मोठा संकल्प अपुरा राहिला. 'अल-शामिल' नावाचा वैद्यकाचा महाकोश त्यांनी आरंभला होता. योजना ३०० खंडांची. पक्के लिहून झाले ते सुमारे ८०. त्यातील काही खंड फिरत फिरत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन पोचले आहेत. आपले ग्रंथ दहा हजार वर्षे टिकतील अशी खात्री नसती, तर आपण ते लिहिलेच नसते, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात. विनय हा त्यांचा विशेष गुण नसावा.

१२८४ साली कैरोमध्ये सुलतान कलावून याने भव्य मन्सूरी रुग्णालय उभारले. तरुणपणी दमास्कसच्या नूरी रुग्णालयातील औषधाने तो बरा झाला होता आणि त्याच वेळी त्याने असे रुग्णालय बांधण्याचा नवस केला होता, असे इतिहासकार सांगतात. इब्न अल-नफीस तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. १२८८ च्या डिसेंबरात ते आजारी पडले. सहा दिवस दुखणे चालले. जवळच्या वैद्यांनी औषध म्हणून थोडे मद्य घेण्याचा आग्रह केला. पोटात मद्य घेऊन आपण ईश्वरापुढे उभे राहणार नाही, असे सांगून त्यांनी ते नाकारले, आणि शुक्रवारी त्यांचा अंत झाला. आपले घर आणि संपूर्ण ग्रंथसंग्रह त्यांनी मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकला होता.

यापुढची कथा त्यांच्या ग्रंथांची आहे आणि तिचा एक धागा भारताशी जुळलेला आहे. 'कानून'चा एक आटोपशीर सारांश इब्न अल-नफीस यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, 'मूजिझ अल-कानून'. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो फार सोयीचा वाटला. त्यावर भाष्ये झाली, त्या भाष्यांवर टिपणे झाली. भारतातील युनानी हकिमांच्या पिढ्या हा ग्रंथ आणि त्यावरील 'नफीसी' नावाची टीका अभ्यासत आल्या. ('नफीसी' हे नाव ऐकून ती इब्न अल-नफीस यांचीच असावी असे वाटते, पण ती पंधराव्या शतकातील नफीस इब्न इवज किरमानी यांची. नावांच्या सारखेपणाने येथेही घोटाळा केला आहे.) १८२८ साली 'मूजिझ' कलकत्त्यात छापला गेला. हकिमांचे नाव अशा रीतीने भारतात सुप्रतिष्ठित होते. मात्र हा सारांश उपचाराला उपयोगी पडावा म्हणून केलेला, त्यामुळे शरीररचनेचे प्रकरण त्यात गाळलेले होते. छिद्र नसलेल्या पडद्याची ती पाने दुसऱ्या पुस्तकात होती, आणि ते पुस्तक कोणी पाठ्यपुस्तक म्हणून लावले नाही.

इकडे युरोपात तीच वाट पुन्हा शोधली गेली. १५५३ साली स्पॅनिश वैद्य आणि धर्मचिंतक मिगेल सेर्वेतो यांनी एका धर्मविषयक ग्रंथात तिचे वर्णन केले. त्यांच्या धर्ममतांसाठी त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला जिनिव्हात त्यांना जिवंत जाळण्यात आले. १५५९ साली इटलीतील रेआल्दो कोलोम्बो यांचा ग्रंथ निघाला, त्यातही ती होती. १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी संपूर्ण अभिसरणाचा सिद्धान्त मांडला. हृदय एका तासात जितके रक्त बाहेर टाकते तितके अन्नातून तयार होणे शक्यच नाही, हा त्यांचा हिशेब कोणालाही पटावा असा होता. सेर्वेतो आणि कोलोम्बो यांच्यापर्यंत कैरोच्या भाष्याची काही वार्ता पोचली होती काय? आंद्रेआ आल्पागो हे इटालियन वैद्य अनेक वर्षे दमास्कसमध्ये राहिले होते आणि त्यांनी लॅटिनमध्ये आणलेला इब्न अल-नफीस यांच्या लेखनाचा काही भाग १५४७ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. तो भाग मिश्र औषधांविषयीचा आहे. तोंडी काही सांगितले गेले असेल, अशी शक्यता वर्तवली जाते. पुरावा मिळालेला नाही.

१९२४ साली मुहयिद्दीन अल-ततावी नावाचा एक इजिप्शियन तरुण जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत होता. बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातील अरबी हस्तलिखिते चाळताना हे भाष्य त्याच्या हाती आले. त्याने त्यावर आपला प्रबंध लिहिला. हार्वेच्या आधी चारशे वर्षांपूर्वी एका अरब वैद्याने गॅलनला चूक ठरवले होते, हे त्याच्या परीक्षकांना पचणे कठीण गेले. खात्री करून घेण्यासाठी प्रबंध माक्स मायरहोफ यांच्याकडे पाठवण्यात आला. मायरहोफ हे जर्मन नेत्रवैद्य; अरबी वैद्यकाचे गाढे अभ्यासक, आणि राहणारे कैरोचे. त्यांनी मूळ पाठ तपासला, इतर हस्तलिखिते मिळवली, आणि विद्यार्थ्याचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा दिला. पुढील दशकात त्यांच्या लेखांमुळे ही गोष्ट जगभर पोचली. ततावीचा प्रबंध स्वतः मात्र छापला गेला नव्हता.

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुप्फुसांत ढकलते, आणि प्राणवायू घेण्यासाठी प्रत्येक थेंबाला केशवाहिनीत एका सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. मधल्या पडद्याला छिद्र असलेच तर तो आज बालकांचा जन्मजात विकार समजला जातो आणि मोठे छिद्र शस्त्रक्रियेने बुजवावे लागते. गॅलनच्या ग्रंथात जे निरोगी हृदयाचे लक्षण होते, ते आता बालरुग्णालयातील निदान आहे.

इब्न अल-नफीस यांच्या त्या भाष्याची संपादित आवृत्ती कैरोमध्ये प्रसिद्ध झाली ती १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर ७०० वर्षांनी.